कळणे आणि वळणे

‘कळते, पण वळत नाही,’ असे आपण मुलांना म्हणतो. मोठ्यांना म्हणायची सोय नसते, एवढेच. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतला कर्बवायू मोजला जात आहे. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता. २०२४ साली ४२० च्या वर गेला होता. आकडा कळला. पोटात मात्र काही हलले नाही.

म्हणून ग्रीनलंडमध्ये जन्मलेले भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग आणि कलावंत ओलाफुर एलियासन ह्यांनी एक निराळाच उद्योग केला. नूक शहराजवळच्या खाडीत, हिमस्तरापासून आधीच तुटून तरंगणारे बर्फाचे प्रचंड ठोकळे त्यांनी उचलून आणले आणि डिसेंबर २०१५ मध्ये, पॅरिसला हवामान परिषद भरली असताना, पँथिऑनसमोरच्या चौकात मांडले. १२ ठोकळे, घड्याळाच्या आकड्यांसारखे वर्तुळात. लोक येत, हात लावीत, कान टेकवीत. आत बारीक तडतड ऐकू येई. हजारो वर्षे कोंडलेली हवा बुडबुडे फुटून बाहेर पडत होती. आपल्या धुरांड्यांपूर्वीची ती हवा! तक्त्यात हे कसे मावणार?

तुम्ही विचाराल, तो बर्फ आणायला इंधन जळाले नाही काय? जळाले, आणि त्याचा हिशेब, सुमारे ३० टन कर्बवायूचा, आयोजकांनीच करवून घेतला. घर पेटले हे दाखवायला आणखी एक काडी ओढावी तसे हे झाले, असे मला प्रथम वाटले. आता तेवढे वाटत नाही. हिशेब उघड मांडणारा माणूस निदान स्वतःला फसवीत नाही.

माझी शंका वेगळी आहे. करुण रसातही एक सुख असते. ‘एकच प्याला’ पाहून आपले आजे-पणजे ढसढसा रडले. त्यांतल्या किती जणांचा प्याला सुटला? रडल्याने कर्तव्य केल्याचे समाधान मिळते, आणि ते समाधान फार घातक. बर्फावरून हात फिरवून हळहळलेला माणूस ओला तळवा रुमालाला पुसून घरी गेला, तर शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि कलावंताची किमया दोन्ही त्या रुमालातच राहिली. पण त्याचा दोष त्या दोघांवर कसा टाकावा? त्यांनी वस्तू तळहातापर्यंत आणून दिली होती.

हे लिहिताना माझ्या खोलीतले वातानुकूलन यंत्र चालू आहे. दोनदा त्याच्याकडे पाहिले. अजून उठलेलो नाही.