नांवांतला निवाडा

मढास काय किंवा इतरत्र काय, बारशाच्या दिवशीं मुलाचें पुढील वर्तन कोणास ठाऊक नसतें. जवळच्या शिवनेरीवर शिवाई देवीवरून 'शिवाजी' हें नांव ठेविलें, असें परंपरा सांगते. त्यांत होती ती आशा. कादंबरीकार मात्र शेवट ठरवून मग बारसें करितो. हळब्यांनीं 1861 सालीं नायिकेस 'मुक्तामाला' म्हटलें. आतां तिला मोत्यासारखें निर्मळ राहणें प्राप्तच! हरिभाऊंनीं 'पण लक्षांत कोण घेतो?' मध्यें यमुना हें घरोघरचें नांव घेतलें. बाबा पदमनजींची 1857 सालची नायिकाहि यमुनाच. असें नांव निवाडा देत नाहीं. तो वाचकासच करावा लागतो, म्हणून आम्हांस हरिभाऊंची रीत अधिक न्यायाची वाटते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्या'नंतर मद्यप्यास तळीराम म्हणूं लागले. आतां तें नांव पाळण्यांत कोण ठेवील?