पेलिकनची अंडी



युरोपातील कित्येक जुन्या चर्चमध्ये वेदीवर पेलिकन पक्षिणीचे शिल्प आढळते. भुकेल्या पिल्लांना ती आपली छाती फोडून रक्त पाजते, अशी पूर्वीच्या लोकांची समजूत होती. खरी पेलिकन तसे काही करीत नाही. तरी संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या स्तोत्रात प्रभू येशूला पेलिकनच म्हटले आहे.

याच पक्ष्याची 1970 सालची हकिगत ऐका. कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटावर त्या वर्षी तपकिरी पेलिकनांनी 552 घरटी मांडली. पिल्लू जगले एक. लॉस एंजलिसच्या बाजूच्या एका कारखान्यातून डीडीटी वर्षानुवर्षे गटारावाटे समुद्रात जात होते. ते माशांत उतरले, मासे खाणाऱ्या पक्षिणीच्या अंगात साठले आणि अंड्यावर चुन्याचे कवच नीट चढेना. पेलिकन अंडी उबवते ती आपल्या पायांच्या पडद्याखाली घेऊन. कवच इतके पातळ की आईच्याच भाराने अंडी फुटत.

यात पाप कोणाचे? कारखान्यातील कोणीही एकही अंडे हाताने फोडले नाही. डीडीटीने मलेरियापासून असंख्य माणसे वाचवली. त्याचा गुण शोधणारे पॉल म्युलर यांना 1948 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हेतू वाईट नव्हता. आणि हेतूवाचून मोठे पाप घडत नाही, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत.

ते खरेच आहे, पण अर्धे. 1962 साली रेचल कार्सन यांनी धोका लिहून दाखवला. 1967 साली ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील जुनी-नवी अंडी तोलून कवच पातळ झाल्याचे दाखवले. अमेरिकेत बंदी आली ती 1972 साली. मधल्या वर्षांसाठी ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ हे उत्तर चालणार नाही, असे मला वाटते. न कळणे वेगळे आणि कळून न घेणे वेगळे. पाठीवर पंप घेऊन वाडीत फवारणी करणाऱ्यालाही हे लागू आहे: औषध किती घातले, पंप धुतलेले पाणी कोठे ओतले, हे स्वतःला विचारायला शास्त्रज्ञ लागत नाही. (दुकानदार तर दुप्पट मारा म्हणतो!)

चोरलेली वस्तू परत करावी लागते. नुसत्या क्षमायाचनेने भागत नाही. कॅलिफोर्नियात 1990 साली सरकारने दावा लावला, पुढे कंपन्यांनी भरपाई दिली. पेलिकन सावरले व 2009 साली संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले. समुद्रतळावरचे डीडीटी मात्र अजून तेथेच आहे.