यंत्र, पान आणि कान

‘चिरूट’ हा शब्द आपल्याकडे तमिळमधून आला. मुळात ‘चुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. म्हणजे या वस्तूच्या नावात तंबाखू नाही, धूर नाही, चव नाही. आहे ती केवळ हाताची एक क्रिया. ही क्रिया हाताकडून साच्याकडे आणि साच्याकडून यंत्राकडे कशी गेली, याची हकीकत ज्याने जन्मात चिरूट ओढला नाही अशा माणसानेही वाचावी अशी आहे. आम्ही स्वतः शेजाऱ्याच्या धुरानेही खोकणाऱ्यांपैकी आहोत. तेव्हा चिरुटाची बाजू मांडण्याचा हेतू आमच्या मनात नाही हे वाचकांनी समजून घ्यावे. आमच्यापुढे प्रश्न आहे तो ‘सुधारणा’ या शब्दाचा. एखाद्या अवजारात बदल झाला आणि आपण त्यास सुधारणा म्हटले, तर ती कोणाच्या मापाने सुधारणा ठरते?

प्रथम वस्तू पाहू. चिरुटाची घडण तीन थरांची. पोटात तंबाखूच्या पानांचे लांब तुकडे, त्यांना एकत्र धरणारे आतले पान, आणि सर्वांत वर नितळ, पातळ, देखणे असे वेष्टनाचे पान. या वरच्या पानातच सारी अडचण साठलेली आहे. पानाची मधली शीर काढली म्हणजे डावा आणि उजवा असे दोन अर्ध होतात. उपशिरा चिरुटाच्या लांबीने सरळ पडाव्यात म्हणून डावा अर्ध एका दिशेने गुंडाळावा लागतो आणि उजवा अर्ध उलट दिशेने. शिवाय एक पान ओलसर, दुसरे चिवट, तिसऱ्यास कोठे सूक्ष्म भोक. कारागिराची बोटे हे सर्व जाणतात, पण त्यांना ते सांगता येत नाही. यंत्र करणाऱ्याची पंचाईत नेमकी येथे झाली. कारण जे सांगता येत नाही ते लोखंडाला शिकवावे कसे?

पहिली सुधारणा यंत्राची नव्हतीच. ती होती लाकडी साच्याची. जर्मनीत निघालेला हा साचा 1870 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कारखान्यांत आला. खाचा पाडलेल्या दोन फळ्या. त्यांत पोटाचा भाग दाबून ठेवला की आकार आपोआप येई. एका कारागिराचे काम आता दोघांत वाटले गेले. पोट भरणारा एक आणि वरचे पान गुंडाळणारा दुसरा. पोट भरणे थोड्या दिवसांत शिकता येऊ लागले, आणि भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहणारी बोहेमियातून आलेली गरीब कुटुंबे, त्यांतल्या बायका आणि मुले, या धंद्यात शिरली. जुन्या कारागिरांच्या संघाने काय केले? साच्यावर काम करणाऱ्यांस सभासदत्वच नाकारले! कसबाचा अभिमान ही मोठी गोष्ट खरी; पण तो दाराला कडी घालू लागला म्हणजे त्याचे काय होते हे येथे दिसते. त्याच धंद्यातला एक तरुण कामगार, सॅम्युएल गोम्पर्स, जो पुढे 1886 साली अमेरिकेतील कामगारांच्या महासंघाचा अध्यक्ष झाला, या मताचा होता की साचा अडवता येणार नाही. साच्यावर बसलेल्या माणसाला आपल्यात घ्यावे हेच शहाणपण. 1875 साली संघाने आपला नियम सैल केला. 1877 च्या मोठ्या संपात जी मंडळी आघाडीवर होती त्यांत ही कोंदट खोल्यांतली कुटुंबेच होती. तो संप फसला, ही गोष्ट वेगळी.

याच काळात न्यूयॉर्कात ऑस्कर हॅमरस्टाइन नावाचा एक गृहस्थ होता. 1864 साली जर्मनीहून पळून आलेला, आल्या आल्या चिरुटाच्या कारखान्यात झाडलोट करणारा. त्याने साच्यांत आणि पाने ताणून धरण्याच्या युक्त्यांत एकामागून एक सुधारणा केल्या, त्यांचे पेटंट घेतले, पैसा केला आणि तो सगळा संगीत नाटकांत उधळला. 1889 साली हार्लेममध्ये आणि 1906 साली मॅनहॅटनमध्ये त्याने ऑपेरागृहे बांधली. चिरुटाच्या साच्यातून गाणे निघाले असे कोणी विनोदाने म्हणेल. आम्ही ही हकीकत येथे का सांगितली याचे कारण पुढे येईल.

खरे यंत्र आले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. अमेरिकेतील एका यंत्रनिर्मात्या कंपनीने रूफस पॅटरसनच्या पुढाकाराने लांब पानांचा चिरूट वळणारे यंत्र तयार केले, आणि 1920 नंतरच्या दहा वर्षांत त्याने धंद्याचे रूप पालटून टाकले. त्या यंत्राभोवती चार स्त्रिया लागत. एक पोटाची पाने पुरवी, दुसरी आतले पान पसरी, तिसरी वरचे पान पसरी, चौथी तयार माल तपासून उचली. तिसरीचे काम पाहण्यासारखे होते. भोके पाडलेल्या धातूच्या पाटावर ती पान ठेवी. खालून हवा शोषली जाई, त्यामुळे पान पाटाला चिकटून ताणले जाई. मग पाते फिरून नेमका आकार कापी आणि तो कापलेला तुकडा गुंडाळणीकडे जाई. डाव्या पानाचे यंत्र वेगळे, उजव्याचे वेगळे. म्हणजे शंभर अडचणी सोडवूनही पान पाटावर नीट ठेवणे, भोक चुकवणे, शीर ओळखणे, एवढे मात्र माणसाच्या बोटांकडेच राहिले.

तेही पुढे गेले, पण कसे ते पाहा. 1950 च्या दशकात तंबाखूचा चुरा आणि भुकटी चिकटद्रव्यात कालवून कागदासारखा लांबच लांब पट्टा तयार करण्याची रीत निघाली. त्याला शीर नाही, भोक नाही, डावे-उजवे नाही. आतल्या थरासाठी त्याचे भेंडोळे यंत्रावर चढवले की पान पसरणाऱ्या बाईची गरज उरली नाही. यंत्राला पान समजले नाही म्हणून पानच बदलले! यंत्राच्या इतिहासात हे वारंवार घडलेले आहे, आणि त्यास कोणी दोष देऊ नये. रस्ता सपाट केल्याशिवाय चाक चालत नाही. परंतु अशा वेळी यंत्र हुशार झाले असे आपण म्हणतो. ते हुशार झालेले नसते. जग त्याच्यापुरते सोपे केलेले असते. या दोहोंतील भेद ध्यानात ठेवणे बरे.

आता ज्या गोष्टीसाठी एवढा पसारा मांडला तिच्याकडे येतो. चिरूट वळणाऱ्याचे हात गुंतलेले, डोळे पानावर खिळलेले. पण कान अगदी मोकळे. 1865 साली हवाना शहरातील ‘एल फिगारो’ नावाच्या कारखान्यात कामगारांनी या मोकळ्या कानांसाठी एक वाचक नेमला. तो उंच आसनावर बसून कामाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवी. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. पुढच्याच वर्षी, 1866 साली, स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी घातली. सरकारांना काय भीतिदायक वाटते याची ही चांगली खूण आहे. बंदी टिकली नाही. प्रथा समुद्र ओलांडून फ्लोरिडातील टॅम्पा येथे गेली. तेथे सकाळी वर्तमानपत्रे आणि नंतर कादंबऱ्या, असा साधारण क्रम असे. कोणते पुस्तक वाचावयाचे ते कामगार मत देऊन ठरवीत. ड्यूमा आणि ह्यूगो यांची त्यांना फार आवड. ‘मॉंतेक्रिस्तो’ हे नाव एका नामांकित चिरुटाला 1935 साली मिळाले ते याच श्रवणभक्तीची आठवण म्हणून, असे सांगतात. न्यूयॉर्कात गोम्पर्सच्या कारखान्यात वेगळी रीत होती. कामगारांपैकीच एक जण वाची आणि त्या वेळात त्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीचे आपण वळलेले काही चिरूट त्याच्या ढिगात टाकीत. अक्षरशत्रू माणूसही अशा खोलीत दहा वर्षे बसला तर बहुश्रुत होऊन उठे. आपल्याकडील पुराणश्रवणाची आठवण कोणास होईल. पण भेद मोठा आहे. पुराणिक काय सांगणार ते श्रोते ठरवीत नसत.

टॅम्पातील वाचकाचा शेवट 1931 साली झाला. हा वाचक कामगारांची डोकी भडकवतो, बंडखोर मजकूर वाचतो, असे म्हणून मालकांनी वाचन बंद केले. कामगारांनी काम थांबवले. कारखाने पुन्हा उघडले तेव्हा वाचकाची आसने काढून टाकलेली होती. त्यांच्या जागी पुढे रेडिओ आला. याच वर्षांत यंत्रांचीही संख्या वाढत होती, आणि यंत्राच्या खडखडाटात माणसाचा आवाज चालत नाही हे खरे. म्हणून वाचकाला यंत्राने घालवले असे सर्रास सांगितले जाते. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. खडखडाटाने वाचक गेला असता तर रेडिओही ऐकू आला नसता! कारखान्यात कान शिल्लक होते, ऐकणे शिल्लक होते. गेली ती निवड. ‘आज आम्हांला ह्यूगो हवा’ असे म्हणणारा श्रोता जाऊन जे लागेल ते ऐकणारा श्रोता आला. म्हणून आमच्या मनात हॅमरस्टाइन आणि तो वाचक शेजारी शेजारी उभे राहतात. चिरुटाच्या सुधारणांच्या आरंभी मिळालेल्या पैशातून न्यूयॉर्कात ऑपेरागृह उभे राहिले, आणि त्याच सुधारणांच्या दुसऱ्या टोकाला टॅम्पातले एक साधे उंच आसन मोडून टाकले गेले. दोन्ही ठिकाणी प्रश्न कानाचाच होता. एका ठिकाणी तिकीट काढणाऱ्याच्या, दुसऱ्या ठिकाणी वर्गणी देणाऱ्याच्या.

येथे कोणी आम्हांस दोन हरकती विचारील. पहिली अशी की, जो माल फुप्फुसे जाळतो त्याच्या कारखान्यातील संस्कृतीचे एवढे कौतुक कशाला? हरकत योग्य आहे. चांगले वाचन ऐकत वळलेला चिरूट कमी विषारी होत नाही, आणि तो व्यवसाय आटला तर आम्ही सुतक धरणार नाही. परंतु माणसाचा मोकळा कान हा काही तंबाखूचा गुण नव्हे. केरळात कण्णूर येथे 1969 साली विडी कामगारांनी ‘दिनेश’ नावाची सहकारी संस्था काढली. 1966 च्या विडी व चिरूट कामगार कायद्याचा अंमल टाळण्यासाठी मंगळूरच्या कारखानदारांनी तेथील काम बंद केले, त्यातून ती जन्मली. त्या भागातील विडीच्या खोल्यांत वर्तमानपत्रे आणि पुस्तके मोठ्याने वाचण्याची जुनी चाल होती, ती या संस्थेनेही चालवली. विड्यांचा खप घटू लागला तेव्हा संस्था छत्र्या, कपडे, खाद्यपदार्थ यांकडे वळली. म्हणजे माल बदलता येतो.

दुसरी हरकत अधिक बोचरी आहे, कारण ती आमच्याच अंगणातून येते. हातकामाचे गोडवे गाणारा बहुधा स्वतः हातकाम करीत नसतो. आपल्या सरकारने यंत्रावर वळलेल्या विडीवर हातविडीपेक्षा जास्त उत्पादनशुल्क ठेवून दीर्घकाळ हाताला संरक्षण दिले. हेतू रोजगार राखण्याचा होता. पण ज्यांचा रोजगार राखला त्यांचे काय झाले? विडी कारखान्याच्या छताखालून निघून घरोघर गेली. बाई एकटी बसून हजारावर मजुरीने वळू लागली. तिच्या समोर दुसरी कामगार नाही, मग वर्गणी कोणी काढावी आणि वाचक कोणी बसवावा? यंत्र न येताही येथे श्रोत्यांची सभा मोडली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायका एकत्र होत्या, म्हणून धुळीत आणि उग्र वासात खोकत का होईना, त्यांनी संघटना केली. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा 1982 चा माहितीपट त्यांच्याच लढ्याचा आहे. घरी बसलेल्या बाईला ती सोय नाही. तेव्हा हात राखला म्हणजे माणूस राखला, हे समीकरण आम्हांस मान्य नाही; आणि यंत्र आणले म्हणजे माणूस सुटला, हेही नाही. यंत्रनिर्मात्याच्या हिशेबात मिनिटाला किती नग हा रकाना असतो, धोरण ठरवणाऱ्याच्या हिशेबात किती रोजगार हा. त्या कामाच्या तासात माणसाने काय ऐकले आणि ते कोणी ठरवले, हा रकाना दोघांच्याही वहीत नाही.

सीमाभागातील एका गावी आम्ही एकदा काही कामानिमित्त एका घराच्या सोप्यावर बसलो होतो. घरची प्रौढ बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होती. पत्र्याच्या मापावर पान कातरायचे, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक मुडपून दोरा. बोलता बोलता दहा विड्या होत. आतल्या खोलीत दूरदर्शनवर कसलीशी मालिका मोठ्याने चालली होती. आम्ही विचारले, “मावशी, इथून पडदा दिसत नाही. मालिका बघता तरी कशी?”

“बघतोय कुठं, अण्णा? डोळं पानावर. नुसतं ऐकतोय.”

“चांगली आहे का?”

“कसली चांगली! रोज भांडणं.” तिने दोऱ्याला गाठ मारली. “मला कीर्तन ऐकायचं असतंय. पण ते बटन नातवाकडं.”