घर माझे, वाडी कोणाची?

गिरगावातील खोताची वाडी ही मूळची दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू गृहस्थांची जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. म्हणजे ‘आमची वाडी’ म्हणणारेही एके काळी नवखेच!

पुढे वारस वाढले, दुरुस्तीचा खर्च वाढला. पासष्टच्या आसपास असलेल्या घरांपैकी निम्मीही आज उरलेली नाहीत. विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु गळके छप्पर त्याच्या डोक्यावर आणि लाकडी जिन्यांचे कौतुक आपल्या तोंडी, हा कुठला न्याय? तरीही एक घर पाडून इमला उभा राहिला की शेजाऱ्याचा उजेड जातो, क्रुसापाशी प्रार्थनेला जमणारी चार माणसे कमी होतात. खरेदीखतात मात्र चौरस फुटांचाच हिशेब असतो.