डाव्या बाजूचं जेवण

ताटाच्या डाव्या बाजूला जेवण म्हणायची आपली रीत नाही. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं ही सगळी तोंडी लावायची मंडळी. पोट भरायचं ते उजवीकडच्या भाजी-आमटीनं आणि मधल्या भातानं. लहानपणी मी लोणच्यावर जरा जास्तच हात मारला की आजी म्हणायची, "तोंडी लावायचं असतं ते, जेवायचं नसतं." नुसत्या तोंडी लावण्याचंच पूर्ण जेवण होऊ शकतं आणि त्यासाठी एक अख्खं शहर घराबाहेर पडतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर माद्रिदमध्ये कळलं.

भाची तिथे नोकरीला आहे. एका रविवारी दुपारी ती मला ला लातीना या जुन्या वस्तीत घेऊन गेली. शेजारीच एल रास्त्रोचा जुन्या सामानाचा बाजार भरतो. बाजार उठला की माणसांचा लोंढा कावा बाहा नावाच्या अरुंद रस्त्यात शिरतो. तिथे दारागणिक बार. आत गेल्याबरोबर मी सवयीनं खुर्ची शोधू लागले.

"मावशी, बसू नकोस. बसलीस की जेवण सुरू झालं. आपण तापास खायला आलोय."

मग आम्ही लाकडी काउंटरला टेकून उभ्या राहिलो. या काउंटरला बार्रा म्हणतात. तिनं स्वतःसाठी कान्या मागवली, म्हणजे बिअरचा लहानसा ग्लास. कोमट होण्याआधी संपावा, म्हणून तो लहान. माझ्यासाठी नळातून थंडगार वेर्मुत, म्हणजे वनस्पतींच्या स्वादाची वाइन आली, वर संत्र्याची चकती. आणि न मागता आली ती खारवलेल्या ऑलिव्हची बशी. मग मागवलेले बोकेरोनेस, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेले छोटे पांढरे मासे, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल. पहिल्या घासालाच मला आजीचं ताट आठवलं. मीठ, आंबट, तेल, मुरवण. लोणच्याचं शास्त्र तेच, फक्त फोड माशाची.

तापासमधल्या तापा या शब्दाचा अर्थ झाकण. वाइनच्या प्याल्यावर पावाचा तुकडा किंवा मांसाची चकती ठेवायची, म्हणजे धूळ-माशी आत जाणार नाही, अशी त्याची कथा सांगतात. कुणी त्यात एखाद्या राजालाही गोवतात. राजांच्या या गोष्टी खऱ्या असतील किंवा नसतील, पण झाकण हा शब्द मला फार नेमका वाटतो. प्यायचं तर त्यावर काहीतरी खायचं, म्हणजे प्यालेलं डोक्यात चढत नाही आणि हातातला घोट बराच वेळ पुरतो. ग्रानादात तर आजही प्रत्येक ग्लासाबरोबर एक बशी फुकट मिळते. पेय मागवणारा माणूस उपाशी राहू नये, ही त्या दुकानदारानं आपणहून घेतलेली काळजी.

आपल्याकडेही ही काळजी आहे, तिला चखणा म्हणतात. परमिट रूममध्ये उकडलेले चणे, खारे शेंगदाणे, काकडीच्या चकत्या न मागता टेबलावर येतात, हे मला भावाकडून ऐकून ठाऊक आहे. स्वतः मी त्या दारातून कधी आत गेले नाही. चखणा हा किती सुंदर शब्द आहे! चाखण्यापुरतं, चवीपुरतं. पण आपण त्याला काळोख्या खोलीत, पडद्याआड बसवलं. १९४९च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला, आणि समाजानं त्याला पाठमोरं बसायला शिकवलं. कावा बाहातल्या त्या बारमध्ये माझ्या एका बाजूला ऐंशीच्या घरातल्या आजीबाई वाइनचे घोट घेत होत्या, दुसऱ्या बाजूला बाबागाडीत बाळ झोपलं होतं. उजेड भरपूर होता. दारू घरं उद्ध्वस्त करते हे मी माझ्या आसपास पाहिलं आहे, तिचं कौतुक मला करायचं नाही. पण म्हातारी माणसं आणि लेकरं शेजारी उभी असताना माणूस वेगळ्या तऱ्हेनं पितो, एवढं मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या बारमध्ये पातातास ब्रावास आले. बटाट्याच्या तळलेल्या फोडी, वर पिमेंतोनचा, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीचा झणझणीत रस. पाताता हा शब्द कानावर पडला आणि मला घरच्यासारखं वाटलं. कॅरिबियन बेटांवरचा बाताता हा शब्द पोर्तुगिजांच्या जहाजातून आपल्या किनाऱ्यावर आला आणि मराठीत बटाटा झाला. स्पेनमध्ये त्याच बाताताची अँडीजमधल्या पापाशी सरमिसळ होऊन पाताता तयार झाला. उत्तर भारत आलू म्हणतो. आपण मात्र या बाबतीत लिस्बन आणि माद्रिदचे सोयरे आहोत. मिरचीही त्याच वाटेनं आली. ती नव्हती तेव्हा आपल्या जिभेला मिऱ्यासारख्या मसाल्यांचाच तिखटपणा ठाऊक होता.

सांग्रिआची कथा याच्या उलट दिशेची आहे. तिचा काचेचा जग समोर आला तेव्हा भाचीनं जरा नाक मुरडलं. माद्रिदकर सांग्रिआ घरी करतात, सण-समारंभाला मोठ्या भांड्यात. बाहेर उन्हाळ्यात ते तिंतो दे वेरानो पितात, म्हणजे लाल वाइन आणि सोडा, बस्स. प्लासा मायोरच्या टेबलांवर जगच्या जग रिचवणारे पाहुणेच बहुतेक. तिचं म्हणणं खरं असेल. तरी मला सांग्रिआ आवडली, आणि तिचं नाव कळल्यावर जास्तच. सांग्रे म्हणजे रक्त. लाल रंगावरून ते नाव पडलं. आत काय घालतात? वाइन, नारांखा, लिमोन, असूकार. नारांखा म्हणजे संत्रं, संस्कृतातला नारंग फारसी आणि अरबीच्या खांद्यावर बसून स्पेनला पोहोचला तो. असूकार म्हणजे शर्करा, आपली साखर, त्याच वाटेनं गेलेली. २०१४ सालच्या युरोपीय नियमानुसार नुसतं सांग्रिआ हे नाव फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये तयार झालेल्या पेयालाच लावता येतं. त्यांनी आपल्या नावाचं रक्षण करावं, ते योग्यच आहे. पण त्या जगातली फळाची फोड आणि गोडवा हे दोन शब्द आमच्याकडून गेलेले आहेत, हे मी भाचीला अगदी अभिमानानं सांगितलं.

यानंतर जे घडलं त्याचा विचार मी आजवर करते आहे. भाचीचे चार मित्र आले. क्रोकेता, म्हणजे तळलेल्या मऊ वळकट्या आल्या, तोर्तियाचा, म्हणजे बटाटे घातलेल्या ऑम्लेटचा जाड तुकडा आला, पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या आल्या, त्यातली एखादीच तिखट निघते आणि ती कुणाच्या वाट्याला येईल ते कळत नाही. सगळ्या बश्या मधोमध. सहा काटे, एक बशी. कुणापुढे वेगळं पान मांडलं गेलं नाही. माझा काटा तोर्तियापाशी जाऊन अडखळला. उष्टं! त्या शब्दानं माझा हात धरला. आमच्या घरात पाण्याचं भांडंसुद्धा वरून प्यायचं, ओठ लावायचा नाही. ही स्वच्छतेची सवय आहे असं मी अनेक वर्षं समजत होते. पण उष्ट्याच्या आणि विटाळाच्या कल्पना आपल्याकडे एकाच चुलीवर शिजल्या. कुणाच्या पंगतीला कोण, कुणाच्या हातचं पाणी कोण पिणार, यावर आपण शतकानुशतकं माणसं तोलली. म्हणूनच कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराजांनी तिथे जाऊन चहा घेणं ही केवढी मोठी गोष्ट होती. एक कप चहा. तोही चाखण्यापुरताच.

पंगत मला प्रिय आहे. केळीचं पान, उदबत्तीचा वास, जिलबीचा आग्रह, यांवर माझं बालपण पोसलं आहे. पण पंगतीला यजमान असतो, पहिली पंगत आणि शेवटची पंगत असते, आणि माझ्या आईसारख्या बायका शेवटच्या पंगतीत उरलंसुरलं खातात. बार्राला यजमान नाही, तिथे मानाची जागा नसते आणि आग्रह करायचा हक्कही कुणाला नसतो. उभ्यानं खाणाऱ्या माणसाला उठवता येत नाही. पैशाचीही तीच तऱ्हा. सगळ्यांनी सारखे पैसे काढून एक गल्ला केला, त्याला बोते म्हणतात, आणि पुढच्या प्रत्येक बारचं बिल त्यातूनच दिलं. कुणी किती खाल्लं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. एचेगाराय रस्त्यावरच्या ला वेनेन्सिया या बारमध्ये फक्त शेरी मिळते, आणि बिल खडूनं थेट लाकडी काउंटरवर मांडतात. बास्क मुलुखात तर काही बारमध्ये खाऊन झाल्यावर पुढ्यातल्या लाकडी काड्या मोजून पैसे घ्यायची रीत आहे. खाणाऱ्यावर भरवसा ठेवल्याशिवाय हा धंदा चालायचा नाही.

पुएर्ता देल सोलजवळ कासा लाब्रा हा बार आहे, १८६० सालचा. तिथला तळलेला खारवलेला कॉड मासा मी खाल्ला आणि दाराजवळची पाटी भाचीकडून समजावून घेतली. २ मे १८७९ रोजी पाब्लो इग्लेसियास आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे जेवणाच्या निमित्तानं गुपचूप जमून स्पेनचा समाजवादी पक्ष स्थापन केला. त्यांत बरेचसे छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार होते. झाकण हा शब्द मला पुन्हा आठवला. माशाच्या बशीखाली त्या लोकांनी एक पक्ष झाकून ठेवला होता.

बार्रानं सगळं समान होतं असं मी म्हणणार नाही. तिच्या पलीकडे पांढरा एप्रन बांधून राबणारे कित्येक जण लॅटिन अमेरिकेतून आलेले असतात, त्यांचे पाय दिवसभर त्याच फरशीवर असतात, आणि दुपारच्या त्या सोहळ्यात त्यांच्या हाती ग्लास नसतो. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. आणि दुसरी एक गोष्ट मला मनापासून खुपते. जगभरच्या मोठ्या शहरांत, आपल्या मुंबईतही, तापासच्या नावाखाली जे विकलं जातं ते चिमुकल्या बशीतलं महाग जेवण असतं. टेबल राखून ठेवलेलं, ग्राहक खुर्चीत रुतलेला, प्रत्येकापुढे आपापली बशी. त्यात पदार्थ तेच असतात, चालणं मात्र गळून जातं. एका ठिकाणची एक चव घ्यायची, दोन पावलं चालायचं, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर त्याला ओढून न्यायचं, मग दुसरी चव. डावी बाजू ताट सोडून गावभर फिरायला निघाली, तर तिला तापास म्हणावं. तिला पुन्हा एका टेबलाला बांधलं की ती नुसती महागडी कोशिंबीर होते.

आम्ही दुपारी दोनला निघालो होतो. रात्री नऊ वाजले तरी रस्त्यावर ऊन होतं. स्पेनचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही १९४० सालापासून तिथलं घड्याळ बर्लिनच्या वेळेवर चालतं, त्यामुळे जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. निघायची भाषा झाली की एक जण म्हणे, ला पेनुल्तिमा, म्हणजे शेवटून दुसरा ग्लास. शेवटचा असं कुणी म्हणत नाही, तो शब्द तिथे अशुभ मानतात. आपणही निरोप घेताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो.

अखेरच्या बारमध्ये बशीत एकच क्रोकेता उरली. पाच जण बोलत होते, हसत होते आणि तिच्याकडे कुणीही पाहत नव्हतं. भाचीनं माझ्या कानात सांगितलं की अशा उरलेल्या घासाला इथे लाजेचा घास म्हणतात. सगळ्यांना हवा असतो, पण घ्यायला कुणी धजत नाही. मी काटा घेतला, क्रोकेतेचे दोन तुकडे केले, एक भाचीपुढे सरकवला. तिनं त्याचे आणखी दोन केले आणि शेजारच्या मुलाकडे बशी सरकवली. ती बशी फिरत फिरत माझ्यापाशी परत आली तेव्हा तिच्यात नखाएवढा तुकडा शिल्लक होता, आणि त्यावर पाच जणांच्या काट्यांच्या खुणा होत्या. तो मी खाल्ला.