मावळतीची चार मिनिटं

लायन्स हेडच्या माथ्याखालच्या शेवटच्या टप्प्यात खडकाला लोखंडी साखळ्या आणि कड्या ठोकलेल्या आहेत. तिथवर बडबडत आलेला गट तिथं गप्प होतो. एक हात साखळीवर, एक पाय कडीत, नजर पुढच्याच्या बुटाच्या टाचेवर. केप टाऊनमधल्या या डोंगराची उंची ६६९ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या जेमतेम निम्मी. पण समुद्र अगदी पायथ्याशी, त्यामुळे ती सगळीच्या सगळी डोळ्यांत भरते. पायवाट डोंगराला वळसा घालत वर चढते. चालता चालता कधी अटलांटिक समोर येतो, कधी टेबल माउंटनचा सपाट कडा, कधी खाली पसरलेलं शहर. १९९८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. गाइड लोक सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी गट घेऊन निघतात आणि उतरण्यासाठी प्रत्येकाच्या कपाळावर टॉर्च आहे ना, हे निघतानाच बघून घेतात.

माथ्यावर पोचल्यावर सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. कोकणातल्या माणसाला इथं पहिल्याच दिवशी काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. आपल्याकडे सूर्य बुडताना किंचित उजवीकडे सरकतो. इथं, दक्षिण गोलार्धात, तो डावीकडे तिरपा उतरतो, आणि चांगलाच तिरपा. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. खाली सी पॉइंटच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनं सूर्य पूर्ण बुडालेला असतो, तेव्हा माथ्यावरच्या माणसाला अजून अख्खं बिंब दिसत असतं, पाण्यापासून थोडं वरच. उंचावरून क्षितिज खाली जातं, एवढंच त्याचं कारण. त्रिकोणमिती मांडली तर या उंचीला आणि या अक्षांशावर फरक येतो तो साधारण चार मिनिटांचा.

चार मिनिटं म्हणजे काही फार नाही. पण रमजानचा महिना असेल तर? बाप किनाऱ्यावरच्या हिरवळीवर बसलाय आणि मुलगी मैत्रिणींबरोबर डोंगरावर गेलीय. बापानं खजूर तोंडात टाकला, रोजा सोडला. मुलीनं काय करायचं? सूर्य तर तिच्या डोळ्यांसमोर आहे.

शास्त्राचं उत्तर सरळ आहे: तिनं थांबायचं. प्रत्येकाचा सूर्यास्त त्याच्या स्वतःच्या क्षितिजाचा. २०११ साली दुबईत हाच प्रश्न बुर्ज खलिफाच्या रहिवाशांपुढे आला, तेव्हा तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना दोन मिनिटं आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांना तीन मिनिटं जास्त थांबायला सांगितलं. बातमी जगभर गंमत म्हणून छापली गेली. तिच्यात गंमत कमी आणि विचार जास्त होता. एकाच इमारतीत, एकाच लिफ्टनं ये-जा करणाऱ्या माणसांचे सूर्य वेगवेगळे आहेत, हे त्या निर्णयानं मान्य केलं.

मग बुडतं ते नेमकं काय? भौतिकशास्त्र तर आणखी पुढे जातं. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो, आणि क्षितिजाजवळ तो इतका वाकतो की बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते त्या क्षणी सूर्य जवळजवळ सगळाच क्षितिजाखाली गेलेला असतो. लोक टाळ्या वाजवत ज्याला निरोप देतात ती त्याची उचललेली प्रतिमा असते. आणि आपल्याकडे ऐतरेय ब्राह्मणानं हजारो वर्षांपूर्वी म्हणून ठेवलंय की सूर्य खरं तर कधी उगवत नाही आणि कधी मावळतही नाही. लोकांना तसं वाटतं, इतकंच. हे सांगणाऱ्या परंपरेनं संध्या मात्र बंद केली नाही. सूर्य मावळत नाही हे माहीत असूनही मावळतीला पळीभर पाण्याचं अर्घ्य द्यायचं. धर्माला खगोल कळत नव्हता म्हणून असं झालं, हे उत्तर फार सोपं आहे आणि ते चुकीचं आहे. कळत होतं. तरीही व्रत बांधलं गेलं ते दिसण्याशी.

का, हा प्रश्न या डोंगरावर जितका टोकदार होतो तितका क्वचितच कुठं होत असेल. लायन्स हेडला लागूनच सिग्नल हिलची सोंड आहे, आणि तिच्या उतारावर बो-काप ही जुनी मुस्लिम वस्ती. डचांनी इंडोनेशियाच्या बेटांवरून, भारतातून, मादागास्करहून गुलाम आणि राजबंदी इथं आणले. डच कंपनीच्या राज्यात इस्लामचं उघड आचरण करायला बंदी होती. तिदोर बेटाचे राजपुत्र इमाम अब्दुल्ला, ज्यांना लोक तुआन गुरू म्हणतात, १७८० मध्ये कैदी म्हणून इथं आणले गेले. लायन्स हेडच्या माथ्यावरून उत्तरेला समुद्रात चपटं दिसणारं रॉबेन बेट, तिथं त्यांनी शिक्षा भोगली आणि अख्खं कुराण आठवणीतून लिहून काढलं. सुटल्यावर बो-कापमध्ये मशीद उभी राहिली, १७९४ साली, देशातली पहिली. ते १८०७ मध्ये वारले. त्यांची कबर याच उतारावर आहे.

अशा माणसांची वेळ कुणाच्या हातात होती? शेतामळ्यांवर गुलामांना उठवायला आणि कामाला लावायला घंटा टांगलेल्या असत. शहराला दुपार सांगणारी तोफ १८०६ पासून उडते. १९०२ मध्ये ती सिग्नल हिलवर आली आणि रविवार व सुट्ट्या सोडून आजही बाराला धडाडते. तीही सूर्याची दुपार सांगत नाहीच. देशाची प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावरून घेतल्यामुळे सूर्य इथं डोक्याशी येतो तो तोफेनंतर पाऊण तासाच्या आसपास. घंटा मालकाची, तोफ सरकारची. आकाश मात्र कुणाला जप्त करता येत नव्हतं. पोथी नसली, परवाना नसला, तरी पश्चिमेला बघता येत होतं. नव्या महिन्याची कोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट इथल्या लोकांनी इतका घट्ट धरला त्याचं मूळ इथं असावं असं वाटतं.

हा हट्ट आजही आहे. इस्लामी महिन्याच्या २९ व्या दिवशी ‘मानकायकर’ सिग्नल हिलवर आणि सी पॉइंटच्या किनाऱ्यावर जमतात. आफ्रिकान्समध्ये ‘मान’ म्हणजे चंद्र आणि ‘कायक’ म्हणजे बघणं. रमजानच्या आधी आणि ईदच्या आधी तर घरंच्या घरं येतात. चटया, डबे, म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्यांवर, पोरं खांद्यावर. मगरिबची नमाज तिथंच हिरवळीवर होते आणि मग सगळे पश्चिमेला डोळे लावून उभे. याच शहरात १८२० साली स्थापन झालेली वेधशाळा आहे. तिथले खगोलज्ञ कोर दिसण्याची शक्यता किती, हे आधीच जाहीर करतात. पंधरा तासांहून कमी वयाची कोर नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी येतात.

या गर्दीत आपली माणसंही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान केप टाऊनला जाऊन स्थायिक झाले. त्यांची कोकणी तिथं आफ्रिकान्स आणि इंग्रजीच्या शेजारी अजून ऐकू येते.

कोर बघण्याऐवजी महिना गणितानं ठरवावा, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. डोळा फसतो, विमानाचा धूर चंद्र वाटतो, दोन गावांच्या ईद दोन दिवशी होतात, नोकरदाराला रजा कधी टाकावी कळत नाही. तुर्कस्ताननं आपलं कॅलेंडर गणितावर सोपवलं, आणि तिथली श्रद्धा त्यानं पातळ झाली असं कुणी म्हणू नये.

मराठी घराला तर हा पेच दर महिन्याला भेटतो, फक्त तो पेच आहे हे जाणवत नाही. संकष्टीला चंद्र बघून उपास सोडायचा. आषाढ-श्रावणात चंद्र कुठला दिसायला? मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून चंद्रोदय पाहिला जातो, तोही गावानुसार, कारण नागपूरचा चंद्र मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो. घड्याळात ती मिनिटं झाली की आई खिडकीतून ढगांकडे हात जोडते, आणि पानं वाढली जातात. तिचा चंद्र गणितानं उगवलेला असतो. पण हात जोडायला ती खिडकीशी जातेच. आणि ज्या गणितावर ती विसंबते ते तरी कुठून आलं? केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ च्या सुमारास नवं पंचांग काढलं आणि पुढे टिळकांनी ते उचलून धरलं, त्या सगळ्या भांडणाचा मुद्दा दृक्प्रत्यय हाच होता: जुन्या कोष्टकांतून येणारे ग्रह आकाशात त्या जागी दिसत नाहीत, तेव्हा गणितानं डोळ्यापुढे मान तुकवावी.

दोन्ही व्रतांत ढगांसाठी जागा ठेवलेली आहे, आणि ती कशी ठेवली यात खरा फरक आहे. संकष्टीच्या ढगांवर आपण गणितानं मात करतो. केपमधले लोक ढगांना मानतात: कोर दिसली नाही तर महिना तीस दिवसांचा धरायचा, बस. ढगामागे ती असेलही. असणं आणि भेटणं या दोन गोष्टी आहेत, आणि महिना सुरू होतो तो भेटण्यानं. गणित चंद्र आहे की नाही ते सांगतं. तो या माणसांना, या किनाऱ्यावरून, या संध्याकाळी दिसला का, हे त्याला सांगता येत नाही, आणि साक्ष म्हणजे तेवढंच असतं. ते मोजून मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी तिथं जाऊन उभं राहावं लागतं. चार मिनिटं थांबलेल्या त्या मुलीचा सूर्यही असाच तिचा होता.

माथ्यावर एव्हाना वारा सुटलेला असतो. लायन्स हेडची सावली लांबत शहरावरून पूर्वेला गेलेली, टेबल माउंटनचा कडा गुलाबीवरून करड्यावर आलेला. गाइड लोकांना उठवू लागतो, कारण साखळ्या उजेडात उतरलेल्या बऱ्या. एकोणतिसावी तारीख असेल आणि गटात कुणी चांद बघणारं असेल, तर मात्र त्याला घाई करणं जड जातं. टॉर्च लावली की डोळे दिपतात आणि केसाएवढी कोर हरवते. मग कपाळावरचे दिवे थोडा वेळ बंदच राहतात. खाली किनाऱ्यावरची गर्दी ठिपक्यांएवढी झालेली, तीही त्याच दिशेला तोंड करून उभी. माथ्यावरचं कुणीतरी बोट वर करून क्षितिजाच्या जरा वर, डावीकडे की उजवीकडे ते शोधतं, आणि शेजारचा त्याच्या बोटाच्या रेषेत डोळा आणून बघतो.