भगत तेवढा बदलला

पेणच्या एखाद्या गणपती कारखान्याची यादी डोळ्यांपुढे आणा. परदेशी बोटीचा माल 28-06-2025 ला द्यायचा, पुण्याचा 15-07-2025 ला, मुंबईचा 03-08-2025 ला. तारखेनुसार क्रम मागितला, तर संगणक मुंबईला वर आणि बोटीला तळाशी टाकू शकतो. यात गूढ काही नाही. तारीख मजकूर म्हणून साठवली की यंत्र डावीकडून एकेक अक्षर जुळवते. शून्य, एक, दोन. महिन्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

मूर्ती बोटीवर चढली नाही तर ओरडा होतो, चूक सापडते. पण समजा, हीच यादी रोह्यातल्या घरकुलाच्या अर्जांची आहे. 30-01-2023 ला अर्ज दिलेली बाई 02-11-2024 च्या अर्जदारामागे जाते आणि खिडकीतून उत्तर येते, "मावशी, कॉम्प्युटरमध्ये असंच आहे." अंगारे-धुपारे आपण हसून उडवतो, हे वाक्य मात्र मुकाट्याने ऐकून घेतो. ही अंधश्रद्धाच आहे. भगत तेवढा बदलला. आणि प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त मिनिटापर्यंत विचारणाऱ्या समाजाला माणसाच्या अर्जाची तारीख कशीही टंकलेली चालते!

कालगणना तर्काने तपासायची, हे आपल्याला नवे नाही. देशात तीसेक पंचांगे चालू असताना शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या पंचांग-सुधारणा समितीने 1955 साली अहवाल दिला आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. घराघरांत ती रुजली नाही, हा भाग वेगळा.

तेव्हा तारीख मजकूर म्हणून नव्हे, तारीख म्हणूनच साठवावी. कोणी म्हणेल, लोकांना दिवस आधी वाचायची सवय आहे. असू द्या. पडद्यावर तसाच दाखवा. साठवण आणि दर्शन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरा म्हणेल, मजकूरच ठेवू, फक्त वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहू. 1988 च्या आयएसओ 8601 मानकाची रीत हीच, आणि क्रमही बरोबर लागेल. पण '2024-06-31' असा नसलेला दिवस मजकुराचा रकाना निमूट पोटात घालतो. 'डेट' प्रकारचा रकाना, नियम सैल केलेले नसतील तर, तो नाकारतो. हा नकारच अर्जदाराचे संरक्षण आहे. क्वेरीत, म्हणजे यादी मागवणाऱ्या आज्ञेत, दर वेळी मजकुराची तारीख करून क्रम लावता येतो, पण तो आजचा दिवस भागवण्याचा उपाय झाला. उद्या दुसऱ्या कारकुनाची क्वेरी ते विसरेल.

तेव्हा नवा रकाना करा, जुन्या नोंदी त्यात रूपांतरित करा, आणि ज्या रूपांतरित होणार नाहीत त्या मूळ कागदी अर्जाशी ताडून पाहा. तोवर ती यादी फलकावर लावू नका.